घडीचा चाकू, नोंद तिसरी: स्प्रिंग बसवायची की नाही

मागच्या नोंदीपासून काम बरंच पुढं सरकलंय. पात्याला पाणी देऊन झालं, मुठीच्या दोन्ही पट्ट्या कापून त्यांना भोकंही पाडली. आता प्रश्न उरलाय तो पातं उघडायचं कसं याचा.

आधी पात्याचं सांगतो. ते ईएन-३१ चं आहे, म्हणजे बेअरिंगच्या जातीचं पोलाद. आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा कोणत्याही भंगारवाल्याकडं मिळतो, आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागांत चालणारे कोयते बहुतेक त्याचेच. कोयत्याला तो झकास. वाकेल पण तुटणार नाही. पण तीन मिलिमीटर जाडीच्या पात्याला धार टिकवायची असेल तर ईएन-३१ बरं. पातं सात सेंटीमीटर लांब आणि बावीस मिलिमीटर रुंद ठेवलंय. लोहारदादांच्या भट्टीवर लोहचुंबक चिकटायचं थांबलं की आणखी थोडं तापवायचं, आठशेवीस-तीस अंशांच्या आसपास, आणि थेट तेलात. मग दोनशे अंशांवर ओव्हनमध्ये. उन्हाळ्यात हे काम करायचं नाही एवढं ध्यानात ठेवा. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन आणि समोर भट्टी, जीव नकोसा होतो.

तर स्प्रिंग. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा आग्रह आहे की असिस्टेड करा, म्हणजे बोटानं सुरुवात केली की पुढं स्प्रिंगनं खटकन उघडला पाहिजे. लोहारदादांनीही नकाशा बघून पहिलं तेच विचारलं, "भाऊ, हाऊ आपेआप उघडस का?" प्रश्न साधा आहे, पण जगभरच्या कायद्याची सगळी मारामारी त्यावरच चालते.

ऑटोमॅटिक चाकूत स्प्रिंग कायम पात्याला बाहेर ढकलत असते. बंद असतानासुद्धा. एका खुंटीनं पातं अडवलेलं असतं, मुठीवरचं बटण दाबलं की खुंटी सरकते आणि पातं सुटतं. बोट पात्याला लागतच नाही. असिस्टेडचं गणित उलटं. बंद असताना पातं आतच ओढलेलं असतं. पात्यावरच्या खुंटीला किंवा मागं बाहेर आलेल्या शेपटीला बोटानं जोर द्यावा लागतो. पातं थोडं बाहेर आलं, ठरावीक कोन ओलांडला, की स्प्रिंगचा जोर बाजू बदलतो आणि पुढचं काम तीच करते. केन ओनियन यांनी कर्शॉ कंपनीसाठी विकसित केलेली स्पीडसेफ ही याच जातीची रचना. मुठीत वाकवलेली एक बारीक सळई असते, ती आधी पातं बंद ठेवते आणि नंतर तीच उघडते. भिंतीवरच्या बटणाचं तेच, मधला टप्पा ओलांडेपर्यंत ते तुमच्या विरोधात असतं.

आता त्या शेपटीबद्दल, कारण गोंधळ तिथंच होतो. बंद चाकूत ती मुठीच्या पाठीवर बटणासारखी दिसते. पण ती पात्याच्याच पोलादातून कोरलेली असते, पात्याचाच भाग. तिच्यावर दिलेला जोर म्हणजे पात्यावर दिलेला जोर. अमेरिकेत एवढ्याशा गोष्टीवर चाकू कायद्याच्या आत की बाहेर हे ठरतं.

तिथला केंद्रीय कायदा १९५८ चा. तरुण टोळ्यांच्या भीतीचा तो काळ. मुठीतल्या बटणावर हाताचा दाब दिल्यावर, किंवा झटक्यानं अथवा स्वतःच्या वजनानं, आपोआप उघडणारा चाकू म्हणजे स्विचब्लेड, अशी व्याख्या केली आणि राज्याराज्यांतला व्यापार बंद केला. असिस्टेड चाकू आले तेव्हा ते या व्याख्येत बसत नव्हते, म्हणून बाजारात चालले. मग मे २००९ मध्ये तिथल्या सीमाशुल्क खात्यानं आपलेच जुने निर्णय मागं घ्यायचा प्रस्ताव मांडला. तो पार पडला असता तर एका हातानं उघडणारे साधे चाकूही आयातबंदीत अडकले असते. चाकूवाल्यांनी असा गदारोळ केला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायद्यात अपवाद घातला गेला. ज्या चाकूत पातं बंदच राहावं असा ओढा आहे आणि तो मोडायला पात्यावर हातानं, मनगटानं किंवा दंडानं जोर द्यावा लागतो, त्याला हा कायदा लागू नाही. राज्यांचे कायदे वेगळे, ते आहेतच. न्यूयॉर्कमध्ये तर मनगटाच्या झटक्यानं उघडला म्हणून साध्या घडीच्या चाकूवरही लोकांना पकडायचे, तो नियम २०१९ मध्ये रद्द झाला.

ब्रिटननं नेमकं उलट केलं. त्यांची फ्लिक नाइफची, म्हणजे खटक्याच्या चाकूची, जुनी व्याख्या १९५९ ची, मुठीतल्या बटणापुरती. २०१९ च्या कायद्यानं ती रुंदावली. पातं अर्धवट उघडलेल्या अवस्थेतून पूर्ण उघडायला यंत्रणेची मदत मिळत असेल तरी तो फ्लिक नाइफच, आणि दाबायची गोष्ट चाकूत असो की चाकूला जोडलेली असो. म्हणजे असिस्टेडची पळवाट बुजली. एकच चाकू अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मोकळा आणि लंडनमध्ये घरात ठेवला तरी गुन्हा.

म्हणून परदेशी व्हिडिओ बघून "असिस्टेड तर कायदेशीर असतो" असं म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तो अपवाद आपला नाही.

आपल्याकडं १९५९ चा शस्त्र अधिनियम. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक वापराचे वगळून. कसा उघडतो हे तिथं कुणी विचारलेलंच नाही. पण याच कायद्याच्या कलम ४ खाली एखाद्या भागापुरती जादा बंधनं घालता येतात. दिल्लीची १९८० ची अधिसूचना त्यातली, आणि तिची भाषा वाचण्यासारखी आहे: स्प्रिंगचे, गरारीदार, बटनदार, आणि दुसऱ्या कोणत्याही यांत्रिक साधनानं उघडणारे किंवा मिटणारे चाकू, पातं ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद. गरारीदार म्हणजे उघडताना कर्रकर्र आवाज करणारा, रामपुरी घराण्यातला. इथं ऑटोमॅटिक आणि असिस्टेड हा भेदच नाही, सगळे एका ओळीत. माझ्या मते कायदा म्हणून हे जास्त प्रामाणिक आहे, शौकीन म्हणून मला ते आवडत नसलं तरी.

ती अधिसूचना दिल्लीची. खान्देशात रोजच्या व्यवहाराला भिडतो तो महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) चा मनाई आदेश. जळगाव-धुळ्याचे पेपर वाचणाऱ्यांना तो पाठ आहे. सण आले, निवडणूक आली, की निघाला. त्यात तलवारी-भाल्यांबरोबर सुरे येतात, काठ्याही येतात, आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू येते. स्प्रिंग कुठल्या दिशेनं ओढते हे नाक्यावरच्या हवालदारसाहेबांना समजावत बसणार का? गुन्ह्याच्या बातमीत "४/२५ सह ३७(१)/१३५" एवढंच छापून येतं, म्हणजे शस्त्र कायद्याची आणि पोलीस कायद्याची कलमं. सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना तर मी असलं काही गाडीतसुद्धा ठेवत नाही.

निर्णय असा की स्प्रिंग नाही. फक्त डिटेंट, म्हणजे बंद पातं आत धरून ठेवणारी गोळी, आणि वॉशर. माझ्या कामाला, म्हणजे लिंबू कापणं, ठिबकची नळी छाटणं, पोत्याची सुतळी तोडणं, यापेक्षा जास्त लागत नाही.

आणि खरी कारागिरी डिटेंटमध्येच आहे. लॉकच्या पट्टीत दीड मिलिमीटरची बेअरिंगची गोळी ठोकून बसवलीय, तिचा जेमतेम तिसरा हिस्सा वर. पात्याच्या बुडाला तिच्यासाठी भोक. ते गोळीच्या बरोबर समोर पाडलं तर पातं बंद राहतं खरं, पण किंचित खुळखुळतं. ते केसभर सरकवून पाडायचं, म्हणजे गोळी पूर्ण आत न बसता काठावर टेकते आणि पात्याला सतत आत ओढत राहते. उलटा धरून झटकला तरी उघडायला नको आणि अंगठ्यानं नीट जोर दिला की अडायला नको. सध्या गोळी जरा जास्तच घट्ट धरतेय. भोकाचा उघडायच्या बाजूचा काठ बाराशेच्या पॉलिश पेपरनं हळूहळू मोडतोय, दर वेळी पूर्ण जोडून बघतोय. एकदा काठ जास्त गेला की पातंच बदलावं लागेल, म्हणून घाई नाही.

वॉशर फॉस्फर ब्राँझचे. बेअरिंग घालता आले असते, पण केळीचा चीक आणि शेतातली माती त्यात गेली की संपलं.

मुठीला बाभूळ की अंजन हे अजून ठरत नाही. अंजन जड आणि कानशीला दाद देत नाही, पण तासल्यावर रंग असा गडद येतो की मोह सुटत नाही. कुणी अंजनाला जवसाचं तेल पाजून बघितलं असेल तर कळवा, घाम लागल्यावर ते पांढरं पडतं का एवढंच हवंय.