ख्रिस्तामधील ओळख आणि अंत्युखियाची पंगत

आमच्याकडच्या तरुणांच्या शिबिरांत गेली काही वर्षे 'ख्रिस्तामध्ये मी कोण आहे?' हा विषय हटकून असतो. शिबिरार्थींच्या हाती एक छापील कागद येतो. 'मी देवाचे लेकरू आहे', 'मी निवडलेला आहे', 'माझ्यावर दंडाज्ञा नाही', 'मी विजयी आहे' अशी वाक्ये त्यावर ओळीने लिहिलेली असतात आणि ती रोज सकाळी आरशासमोर उभे राहून मोठ्याने म्हणावीत, असे सांगितले जाते. यातली बहुतेक वाक्ये पवित्र शास्त्राच्या आधाराचीच असल्यामुळे त्यांना चूक म्हणण्याची सोय नाही. माझी हरकत इतकीच आहे की, पहिल्या शतकातला प्रेषित पौल याच्या पत्रांतून ही वाक्ये खुडून काढताना ती ज्या प्रसंगी लिहिली गेली तो प्रसंग मागेच राहतो, आणि नव्या करारातला एक फार अडचणीचा विचार आत्मविश्वास वाढवण्याच्या साधनांत जमा होतो. दहावीला गुण कमी पडलेल्या मुलाला या वाक्यांनी धीर येत असेल तर तो अवश्य यावा. पण गलतीकरांना, म्हणजे गलतियातल्या विश्वासणाऱ्यांना, पत्र लिहिताना पौल धीर देत नव्हता. तो संतापलेला होता, आणि त्या संतापाचे एक कारण जेवणाच्या पंगतीत घडलेले होते.

तो प्रसंग पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. स्थळ अंत्युखिया, म्हणजे ओरोंतेस नदीकाठचे सीरियातले मोठे शहर, जे आज अंताक्या या नावाने तुर्कस्तानात आहे. येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा याच शहरात मिळाले, असे नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात म्हटले आहे. तिथल्या मंडळीत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समूहात, यहूदी होते आणि परराष्ट्रीयही, म्हणजे यहूदी नसलेलेही, होते, आणि ते एकत्र जेवत. यहूदी नियमशास्त्रात वाढलेल्या माणसाला हे किती जड गेले असेल, हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. कोण कोणाच्या हातचे खातो आणि कोण कोणाच्या शेजारी बसतो यावर आपल्याकडे शतकानुशतके माणसाची पायरी ठरत आली आहे. येशूचा शिष्य पेत्र तिथे आला तेव्हा तोही सर्वांबरोबर जेवू लागला. मग यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली, आणि पेत्र हळूहळू मागे सरकला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी विश्वासणारेही उठले. पौलाचा जुना सहकारी बर्णबासुद्धा त्यांच्यामागे गेला. पौलाने मग सर्वांदेखत पेत्राला तोंडावर विरोध केला.

या भांडणात पेत्राने एकही चुकीचा सिद्धांत मांडलेला नाही. येशू हा ख्रिस्त आहे, तो मेला आणि उठला, त्याच्यावरील विश्वासाने तारण होते, हे सगळे त्याला आदल्या दिवशी जितके मान्य होते तितकेच दुसऱ्या दिवशीही मान्य होते. त्याने फक्त बसण्याची जागा बदलली. पौलाच्या लेखी मात्र त्या एका कृतीने सुवार्ताच नाकारली गेली होती, कारण पेत्राचे उठून जाणे परराष्ट्रीयांना न बोलता हेच सांगत होते की, तुमचा विश्वास ठीक आहे, बाप्तिस्मा ठीक आहे, पण आमच्या ताटाला ताट लावून बसायचे तर आणखी काहीतरी लागेल. आधी सुंता करून आमच्यातले व्हा. याला उत्तर देताना पौल जे बोलत जातो त्यातच, अवघ्या काही ओळींनंतर, ते जगप्रसिद्ध विधान येते: मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेला आहे, आणि आता मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो. पेत्राला उद्देशून सुरू झालेले बोलणे नेमके कुठे संपते आणि गलतीकरांशी बोलणे कुठे सुरू होते, हे ग्रीक मजकुरात चिन्हांनी दाखवलेले नाही, त्यामुळे अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. मला ती अस्पष्टता बोलकी वाटते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सूर्यास्ताच्या चित्राखाली आपण जे वाक्य छापतो ते मुळात 'तू त्या पंगतीतून का उठलास?' या प्रश्नाच्या पोटातून आलेले आहे.

खिळला गेलेला तो 'मी' कोण होता, हेही पौलाने दुसऱ्या एका पत्रात नाव-गाव-कूळ देऊन सांगितले आहे. फिलिप्पैकरांना तो लिहितो की माझी सुंता आठव्या दिवशी झाली, मी इस्राएल वंशातला, बन्यामिनाच्या कुळातला, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी, म्हणजे ते काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा. लग्न जमवताना मुलाकडची मंडळी सांगतात तशीच ही यादी आहे, आणि ती पुरती सांगून झाल्यावर तो म्हणतो की ख्रिस्तापुढे मी हे सगळे केरकचरा लेखतो. याचा अर्थ तो यहूदी राहिला नाही असा नव्हे. आपल्या लोकांविषयीची त्याची तळमळ रोमकरांच्या पत्रात पानोपानी दिसते. आपल्या सहकाऱ्यांपैकी तीमथ्याची त्याने सुंता करवली आणि तीताची करू दिली नाही, कारण पहिल्या ठिकाणी तो सोयीचा प्रश्न होता आणि दुसऱ्या ठिकाणी ती अट होऊ पाहत होती. कूळ उरते, भाषा उरते, सणावाराच्या चवी उरतात. त्यांच्या आधाराने देवापुढे किंवा भावापुढे वरची जागा मागण्याचा हक्क तेवढा उरत नाही. यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद नाही, तुम्ही सर्व एक आहात, हे तिसऱ्या अध्यायातले वाक्य बाप्तिस्म्याच्या संदर्भात आले आहे. अमूक पायरीवर पोहोचलेल्यांसाठी ते राखून ठेवलेले नाही.

ही ओळख मिळवायची नसून मिळालेली असते, हे समजावताना पौल रोमकरांच्या पत्रात दत्तकपणाचा आधार घेतो. हे पत्र साधारण इसवी सन ५७ च्या सुमाराचे मानले जाते, आणि त्या वेळी रोमच्या गादीवर नीरो होता, जो स्वतः दत्तक होता. क्लौद्य कैसराने त्याला ५० साली दत्तक घेतले आणि ५४ साली तो सम्राट झाला. रोममधल्या वाचकाला दत्तकपण म्हणजे काय, त्याने माणसाचे नाव, घर आणि वारसा कसा पालटतो, हे वेगळे सांगायला नको होते. आपल्याकडेही याचे एक ठसठशीत उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ, ज्याला धड लिहिता-वाचताही येत नव्हते, त्याला २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्याला डिसेंबर १८८१ मध्ये मिळाले. मधली वर्षे तो शिकत होता. पण शिकून झाल्यावर त्याला दत्तक घेतले असे झाले नाही, दत्तक घेतल्यामुळे त्याला शिकावे लागले. पौलाच्या पत्रांची मांडणी पुष्कळदा अशीच असते. आधी तुम्ही कोण झाला आहात हे अध्यायच्या अध्याय सांगून होते, आणि मग 'म्हणून' असे म्हणून खोटे बोलू नका, चोरी करू नका, एकमेकांचे सोसा, असे अगदी घरगुती उपदेश सुरू होतात. हा क्रम उलटा केला की विश्वासणारा आयुष्यभर परीक्षेला बसलेला राहतो.

हे सगळे कळायला बाप्तिस्मा पुरेसा असतो असे मात्र नाही, आणि याचे सर्वांत प्रांजळ उदाहरण मराठी ख्रिस्ती इतिहासातच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे जे वाद झाले ते पत्रांतून उपलब्ध आहेत. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. भारतातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवून ठेवल्यावर तसलेच दुसरे जू मी मानेवर घेणार नाही, असेही बजावले. अशी ठाम बाई १९०७ साली आपल्या साक्षीत लिहिते की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडलेला नव्हता. त्या आठ वर्षांत त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत व्याख्याने दिली होती, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले होते, आणि जगाच्या दृष्टीने त्या नामवंत ख्रिस्ती होत्या. शारदा सदनात ब्राह्मण विधवांना आपापले सोवळे पाळण्याची मुभा होती. पुढे १८९६ च्या दुष्काळानंतर केडगावला 'मुक्ती' उभी राहिली तेव्हा नाना जातींच्या अनाथ मुली आणि विधवा एका आवारात राहू लागल्या, आणि रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेल्या मराठी बायबलचे छपाईचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले. कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी दुष्काळात घर गमावलेली; देवाचे वचन आपल्या हातांनी अक्षर अक्षर जुळवणारी ती बाई कोणत्या जातीची, हे छापलेल्या पानावरून कोणाला ओळखता येणार नव्हते.

लक्ष्मीबाई टिळकांचा क्रम तर आणखी विचार करायला लावणारा आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, पतीकडे परतल्यावरही सोवळे-ओवळे पाळत राहिल्या, मग जातिभेद देवाचा नसून माणसाचा आहे हे त्यांचे त्यांना पटले, सोवळे सुटले, आणि त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांनी पंगत आधी बदलली आणि धर्म मागाहून. आपल्यातल्या पुष्कळांचे आजही नेमके उलटे झालेले आहे.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. पांढऱ्या कापडाखाली झाकलेल्या ताटांत पावाचे चौकोनी तुकडे आणि गोल तबकात द्राक्षरसाचे बोटभर उंचीचे काचेचे पेले असतात, आणि तबक बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हातोहात जाते. सरकारी अधिकारी तबक धरतो आणि मोलकरीण त्यातला पेला उचलते, कोणाला त्यात वावगे वाटत नाही, आणि ही गोष्ट मला खरोखर मोठी वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात ती सहज घडली नसती. पण त्याच मंडळीच्या कार्यालयात वधूवरांची नोंद करण्याचा जो अर्ज मिळतो, त्यात बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या तारखांखाली 'पूर्वीची जात' असा रकाना आहे. चार-पाच पिढ्यांपासून ख्रिस्ती असलेली कुटुंबे तो न विसरता भरतात. एका वडीलधाऱ्या सभासदांना मी याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "अहो, भेद म्हणून नाही हो. रीतिरिवाज जुळले म्हणजे मुलीला सोपे जाते." यरुशलेमेहून आलेल्या माणसांनीही पेत्राला असेच काहीतरी सौम्य आणि समंजस सांगितले असावे, असा माझा आपला तर्क.

यावर कोणी म्हणेल की जात कागदावरून पुसली तर दलित ख्रिस्ती बांधवांचे नुकसान होईल. हा मुद्दा खरा आहे आणि त्याला बाजूला सारता येत नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला; ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत, आणि दलित ख्रिस्ती बांधवांनाही त्यात घ्यावे अशी मागणी आहे. धर्म बदलल्याने गावकुसाबाहेरचे घर बदलत नाही, ही त्या मागणीमागची वस्तुस्थिती मला पूर्णपणे मान्य आहे, आणि ती मागणी न्याय्य आहे असेच मी मानतो. परंतु अन्यायाचा पुरावा म्हणून जातीची नोंद ठेवणे वेगळे आणि सोयरीक नाकारण्यासाठी ती विचारणे वेगळे. न्यायालयात आपण म्हणायचे की चर्चमध्येही जात आहे, व्यासपीठावरून म्हणायचे की ख्रिस्तामध्ये जात नाही, आणि कार्यालयातल्या अर्जात ती गुपचूप विचारायची, या तिन्ही गोष्टी एकाच मंडळीने करणे मला पटत नाही.

म्हणून तरुणांच्या पुढच्या शिबिरात हा विषय माझ्याकडे आला तेव्हा मी तो छापील कागद वाटला नाही. गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय अकराव्या वचनापासून मोठ्याने वाचायला लावला आणि पेत्र, बर्णबा, पौल आणि ते अनामिक परराष्ट्रीय यांच्या जागी बसून बोलायला सांगितले. परराष्ट्रीयांच्या बाजूने बोलायला सुरुवातीला कोणी उठेना. मग एका मुलीने विचारले, "पेत्र उठून गेल्यावर त्या लोकांनी जेवण पुरे केले असेल का?" पत्रात याचे उत्तर नाही, पेत्राने पौलाला काय उत्तर दिले हेही नाही. त्यानंतर बराच वेळ चर्चा चालली, आणि तीत अर्जातल्या त्या रकान्याचा विषय मी काढायच्या आधी मुलांनीच काढला. रकाना काढून टाकावा असा त्यांच्या सह्यांचा अर्ज आता पंच-मंडळाकडे गेला आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत तो 'इतर विषय' या सदराखाली शेवटून दुसरा आहे, म्हणजे तोवर निम्मी माणसे जेवायला उठलेली असतील, हे आम्हांला माहीत आहे. तो वर घ्यावा असे पत्र मी सचिवांना दिले आहे.