‘हिज’ म्हणजे नक्की कोणाचा?

वकिलांकडे मराठी जबाब आणि खरेदीखतं इंग्रजीत करून देते. इंग्रजी सर्वनामं शाळेत पाठ केली होती, हाताखालून गेली ती या कामात.

जबाबात असतं तसं एक वाक्य घ्या: ‘बाळूने भावाला आपल्या शेतात नेलं आणि तिथे त्याचा मोबाईल फोडला.’ मराठीत शंकेला जागाच नाही. शेत बाळूचं, मोबाईल भावाचा. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘हिज’, आणि भांडण नेमकं त्यावरच! आमच्या मॅडमनी एक सवय लावली. ड्राफ्टची प्रिंट काढायची आणि प्रत्येक ‘ही’, ‘हिज’, ‘इट’पासून तो शब्द ज्याच्याबद्दल आहे तिथपर्यंत पेन्सिलीने बाण ओढायचा. बाण दोन नावांकडे जाऊ शकतोय असं दिसलं, की सर्वनाम खोडून सरळ नाव लिहायचं. पानभर तेच नाव कंटाळवाणं वाटतं, पण कोर्टाच्या कागदाकडून लालित्य कोण मागतंय?

गाळलेला कर्ता ही याहून मोठी डोकेदुखी. ‘पैसे मागितले, दिले नाहीत, मग शिवीगाळ केली.’ कोणी कोणाला? इंग्रजीत कर्ता लिहावाच लागतो. मग जबाब मागेपुढे वाचायचा, तरी उलगडलं नाही तर वकिलांना विचारायचं. मनाने ‘ही’ टाकायचा नाही.

खरेदीखतं त्यामानाने सरळ. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ म्हणजे व्हेंडर आणि पर्चेसर, शेवटपर्यंत तेच. जमिनीच्या गटांच्या क्षेत्राची तुलना आली की ‘दॅट ऑफ’ लागतं, कारण एका गटाचं क्षेत्र दुसऱ्या गटाच्या क्षेत्राशीच ताडायचं असतं, गटाशी नाही.

कायद्यातला ‘ही’ वेगळाच. 1860 च्या दंड संहितेच्या कलम 8 नुसार त्यात स्त्रीही येत होती, 2023 च्या न्याय संहितेने ट्रान्सजेंडर व्यक्तीचाही स्पष्ट उल्लेख केला. त्यामुळे कलम उतरवताना ‘ही’ला हात लावत नाही. फिर्यादी बाई असेल तर तिच्यासाठी अर्थातच ‘शी’.

सगळ्यात जपून हाताळते तो आपला आदरार्थी ‘ते’. ‘ते आले आणि दार वाजवलं’ यात एकटे पाटील आले की टोळकं? पाच किंवा जास्त माणसं असली, तर गैरकायद्याच्या मंडळीचं, म्हणजे बेकायदा जमावाचं, कलम लागू शकतं. असं वाक्य आलं की मी ‘दे’ लिहायच्या आधी फोन उचलते.