ब्रेसेसनंतरचे पांढरे डाग आणि शुगर-फ्री च्युइंगमची शोधाशोध

ब्रेसेस निघाल्यावर दात सरळ झाले, पण पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग उरले. डेंटिस्ट मॅडम म्हणाल्या, "कीड अजून खड्ड्यापर्यंत गेलेली नाही. एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातलं, कॅल्शियम-फॉस्फेट निघून गेलंय, ते परत बसू शकतं." फ्लोराइडची पेस्ट चालू ठेवा आणि जेवण झालं की वीस मिनिटं शुगर-फ्री च्युइंगम चघळा, एवढंच सांगितलं.

पेस्ट घरातच होती. च्युइंगमने मात्र जीव खाल्ला. किराणा दुकानात बरणीतून सुटी गोळी हातावर ठेवतात; तिच्यावर काय लिहिलेलं असणार? "पुदिन्याची आहे, दातांना चांगलीच," असं वर ऐकायचं. पाकीट मागितलं तर मागे मुंगीएवढी अक्षरं. मोबाइलने फोटो मोठा करून वाचलं, तर यादीत अगदी वरच साखर आणि लिक्विड ग्लुकोज. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे जास्तीत जास्त तेच! मेडिकलवाल्याने तर निकोटीनचं च्युइंगम पुढे केलं, जे तंबाखू सोडणाऱ्यांसाठी असतं. "पण शुगर-फ्री आहे ना," हे त्याचं उत्तर. दातांसाठी लोक हे मागतात, मग काउंटरवरच्या माणसाला एवढं माहीत नको का? याचा राग मला अजून येतो.

शेवटी सुपरमार्केटमध्ये मिळालं. पाकिटामागे सॉर्बिटॉल (४२०) किंवा झायलिटॉल (९६७) शोधा; हे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात, आणि कंसातले आकडे म्हणजे घटकांच्या यादीतले त्यांचे क्रमांक. फळांच्या चवीचं टाळा, त्यात बरेचदा सायट्रिक ॲसिड (३३०) असतं आणि आपल्याला आम्लच तर नको आहे.

कारण सगळा खेळ आम्लाचा आहे. खाल्ल्यावर तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. चघळल्याने लाळ कितीतरी पटींनी वाढते, तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं आणि कॅल्शियम-फॉस्फेट दातात परत जातं. साखरेच्या च्युइंगमनेही लाळ सुटते, पण जंतूंना खाऊही मिळतो. झायलिटॉलपासून त्यांना आम्ल करता येत नाही. फिनलंडमधल्या तुर्कू इथे १९७० च्या दशकात यावर मोठं काम झालं. मेलबर्न विद्यापीठात शोधलेलं, दुधातल्या केसीन या प्रथिनापासून केलेलं, दातांना कॅल्शियम-फॉस्फेट पुरवणारं सीपीपी-एसीपी काही च्युइंगममध्ये घालतात. दुधाची ॲलर्जी असेल तर ते नको.

घरात कुत्रा असेल तर पाकीट कपाटात बंद ठेवा, झायलिटॉल त्याच्यासाठी विष आहे. जबड्याचा सांधा दुखत असेल तर हा उपाय करू नका. एका वेळी जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. आणि खड्डा पडला असेल तर फिलिंगच, च्युइंगमने तो बुजत नाही.

पुढच्या तपासणीत मॅडमनी दात हवेने कोरडे करून पाहिले. डाग फिके झालेत आणि खरखरीत पृष्ठभाग गुळगुळीत लागतोय, म्हणाल्या. पूर्ण गेलेले नाहीत, पण ड्रिल लावायची गरज नाही. मला फार बरं वाटलं, आणि येताना दोन पाकिटं जास्तीची घेतली.