रंगाआधी तळ बघा

जुने बूट नवे करायचे म्हटलं की बहुतेक जण थेट रंगाची बाटली घेऊन बसतात. माझं म्हणणं, आधी बूट उलटा करा आणि तळ बघा. वरून कितीही सजवला आणि सोल सुटलेला असला, तर ती सगळी मेहनत चार दिवसांत वाया जाते.

आमच्या भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांच्याही वर जातो. दुपारी गच्चीवरचा बूट उचलला तर रबराचा चटका बसतो. सोल चिकटवायला वापरलेलं सोल्यूशन या तापात मऊ पडतं, आणि चवड्यापाशी बुटाचं तोंड उघडतं. म्हणून आमच्या घरात धुतलेले बूट उन्हात जात नाहीत. सावलीत, वाऱ्याला, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे. बोळे ओले झाले की बदलायचे.

सोल सुटलाच असेल तर फेव्हिक्विक लावू नका. ते काचेसारखं कडक होतं आणि बूट नेमका जिथे वाकतो तिथेच तडकतं. हार्डवेअरच्या दुकानात रबराला चालणारं सोल्यूशन मिळतं, फेव्हिबॉन्ड किंवा फेव्हिकॉल एसआर. आधी जुना डिंक खरवडून काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासून खरबरीत करा, धूळ झटका. मग दोन्ही बाजूंना पातळ थर द्या आणि थांबा. लोक इथेच घाई करतात. ओलं असतानाच दाबलं तर आतला ओलावा कोंडतो आणि पकड येत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावून बघा. बोटाला काही लागलं नाही, पण किंचित ओढ जाणवली, की वेळ झाली. एकदाच नीट जुळवून जोरात दाबायचं, कारण एकदा चिकटलं की सरकवता येत नाही. मग वरून जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. खिडकी उघडी असू द्या, वास डोक्यात जातो.

एका प्रकारच्या बुटावर मात्र वेळ घालवू नका. कपाटात वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेले बूट काढले आणि सोलचा भुगा हातात आला, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या फोमसारख्या प्लॅस्टिकचा सोल असतो. हवेतला दमटपणा त्याला आतून खातो, न वापरतासुद्धा. त्याला काहीही चिकटणार नाही. वरचा भाग चांगला असेल तर चर्मकार दादांकडून पूर्ण सोल बदलून घ्या. शिलाईचं कामही त्यांचंच. त्यांच्या आरीने एका दमात जो टाका बसतो, तो घरच्या सुईने बसत नाही.

आता कॅनव्हास. आमचं शेत तापीकाठी, काळ्या मातीचं. पावसाळ्यात ती बुटाला अशी धरते की पाऊल उचलवत नाही. ओला चिखल घासला तर तो कापडाच्या विणीत आणखी खोल जातो. पूर्ण सुकू द्या, मग ब्रशने झाडा, अर्धाअधिक आपोआप पडतो. राहिलेल्याला कोमट पाणी, थोडी साबण पावडर आणि जुना दातांचा ब्रश. बाजूच्या पांढऱ्या रबराला साधी पांढरी टूथपेस्ट पुरते. धुऊन पांढरे बूट पिवळे पडतात ते बहुधा साबण आत राहिल्याने. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला आणि ओल्या बुटावर पांढरा टिश्यू पेपर चिकटवून वाळवा. पिवळेपणा कागदावर उतरतो.

जो डाग निघत नाही, तिथे मी भरतकाम करते. लेकीच्या निळ्या बुटावर तेलाचा डाग होता, त्यावर केळीचं पान काढलं. जाड सुई, सहापदरी दोरा, बोटात अंगुस्तान. चवड्यापाशी आत हात पोचत नाही, म्हणून नक्षी बाजूला किंवा टाचेकडे घ्यावी. आतल्या गाठी पायाला टोचतात, त्यावर पातळ कापडाचा तुकडा चिकटवा. फॅब्रिक कलर वापरणार असाल तर एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात द्या. दोन हातांमध्ये पूर्ण सुकू द्या, नाहीतर वाकल्यावर पापुद्रे निघतात.

चामड्याचं मी आप्पांकडून शिकले, म्हणजे सासऱ्यांकडून. ते रेल्वेत गार्ड होते. ड्युटीचे काळे बूट अजून त्यांच्याकडे आहेत आणि अजून त्यात तोंड दिसतं. मी पहिल्यांदा डबीत ब्रश बुडवला तेव्हा म्हणाले, "काय करू राह्यली बाई? थोडंसं घे." आधी ओलसर फडक्याने धूळ पुसायची. मग सुती बनियनचा तुकडा दोन बोटांना ताणून गुंडाळायचा, त्यावर नखाएवढं पॉलिश, आणि छोटे छोटे गोल. दहा मिनिटं मुरू द्यायचं. मग ब्रश. टोकाला आणखी चमक हवी असेल तर पाण्याचा एक थेंब टाकून पुन्हा तेच गोल. चामडं कोरडं पडून भेगाळत असेल तर पॉलिशच्या आधी एरंडेलाचे दोन-तीन थेंब चोळून रात्रभर ठेवायचे. जास्त तेल नको, चामडं ढिलं आणि काळपट होतं.

हे सगळं खऱ्या चामड्यासाठी. रेक्झिन आहे का ते कापलेल्या कडेला बघा: खाली कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. त्याचे पापुद्रे निघायला लागले की पॉलिश काही करू शकत नाही.

केळीच्या सालीने बूट चमकतात असं हल्ली सगळीकडे फिरतंय, आणि मी केळीच्या पट्ट्यातली असल्याने मला हमखास विचारतात. नका लावू. घटकाभर चकाकी येते, पण सालीतला चिकटपणा मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. मुंग्या येतात ते वेगळंच.

राहिला सुखतळा, म्हणजे बुटाच्या आत पायाखाली असते ती गादी. तो दबला की बूट बोचतो आणि माणूस नवा घ्यायला निघतो. जुन्या योगा मॅटवर मूळ सुखतळा ठेवून पेनने आखा, कापा, वर जुन्या जीन्सचं कापड चिकटवा आणि आत सरकवा. कॅनव्हासच्या बुटाला वास असेल तर आदल्या रात्री खाण्याचा सोडा भुरभुरून सकाळी झटकून टाका. चामड्यात सोडा नको. नाडीची टोकं विस्कटली असतील आणि नाडी नायलॉनची असेल तर मेणबत्तीवर क्षणभर धरा, सुती असेल तर टोकाला नेलपॉलिश लावून पिळून सुकवा.