पीत होते तेव्हा बरे होते की!

हाडांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून सव्वीस वर्षं काढली. पेशंटच्या घरच्यांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न प्लास्टरचा नाही. तो असा: "सिस्टर, पाय मोडून आले तेव्हा चांगले बोलत होते. दोन दिवस दारूचा थेंब नाही पोटात, आणि आता हे असं काय करायला लागले?"

'असं' म्हणजे काय, ते एका टेम्पोवाल्यावरून सांगते. मांडीचं हाड मोडून आलेला. तिसऱ्या रात्री दोन वाजता कॉटवर बसून गिअर टाकत होता, मोडलेल्या पायाने ब्रेक दाबायला बघत होता. मध्येच चादरीवरच्या मुंग्या वेचायचा. चादर स्वच्छ होती. अंग घामाने निथळलेलं, हात लटलट कापत होते. शेजारच्या पेशंटची आई म्हणाली, लागीर झालंय, अंगारा लावा. बायकोला वाटलं, आमच्या इंजेक्शनने वेड लागलं.

तर घरच्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर सांगते. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं, ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाला जोर देते आणि ग्लुटामेटला दाबते. म्हणून तर दोन पेगांत भीड चेपते आणि चौथ्याला तोल जातो. पण रोजच हे चाललं की मेंदू आपली व्यवस्था बदलतो. गाबाला पूर्वीसारखी दाद देईनासा होतो आणि ग्लुटामेट झेलणारी केंद्रं वाढवतो. तिकडे यकृतही दारू जाळणारी जास्तीची विकरं तयार ठेवतं. मग क्वार्टर रिचवूनही माणूस सरळ चालतो आणि दोस्त कौतुक करतात, "ह्याला चढतच नाही!" मला त्या कौतुकाची धास्ती वाटते. अपघात होऊन हाच माणूस आमच्याकडे आला, की तिसऱ्या रात्री जागायचं कोणापाशी ते ठरलेलं.

कारण दारू काही तासांत उतरते, मेंदूतले बदल मात्र तसेच राहतात. दाबणारं कोणी नाही, चेतवणारं मोकाट. सहा-आठ तासांत हात कापतात, मळमळतं. सकाळी चहाआधी जो 'उतारा' घेतात, तो ह्यावरच. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. भ्रम येतो तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमका आमच्याकडच्या ऑपरेशनच्या आसपास!

ह्या भ्रमाला 'डिलिरियम ट्रेमेन्स' हे नाव 1813 मध्ये थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने दिलं. पण हा दारूचा परिणाम की ती सुटल्याचा, यावर डॉक्टरांचं पुढं फार वर्षं एकमत नव्हतं. 1955 मध्ये छापून आलेल्या प्रयोगात हॅरिस इस्बेल या डॉक्टरांनी अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला कैद्यांना पोटभर जेवण, जीवनसत्त्वं आणि भरपूर दारू दिली, आणि मग ती एकदम बंद केली. 48 ते 87 दिवस प्यायलेल्यांतल्या काहींना फिट आल्या, काहींना भ्रम झाला. जेवण चोख असूनही. म्हणजे हा परिणाम दारू एकदम सुटल्याचाच. असला प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.

उपाय आहे. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोरॅझेपाम ही औषधं गाबाचीच बाजू उचलून धरतात. ती द्यायची आणि डॉक्टरांच्या हिशेबाने उतरवत न्यायची. ग्लुकोजच्या आधी बी-1 जीवनसत्त्व टोचायचं. पण त्यासाठी आम्हाला वेळेत कळायला हवं ना! भरती करताना विचारलं की सासऱ्यांसमोर सून म्हणते, "घेतात कधीतरी, थोडीशी." मग मी तिला पाण्याच्या नळापाशी नेते आणि एवढंच विचारते: शेवटची कधी घेतली, आणि सकाळी उठल्याउठल्या लागते का?

"मग घरी नेल्यावर रोज थोडी देत राहू का?" हा पुढचा प्रश्न. नाही हो, बाई. हे दिवस निघाले की शरीराचा तगादा सरतो. मनाचा राहतो, त्याला वेगळी मदत लागते. पण रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम सोडवायलाही जाऊ नका, जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना दाखवूनच सोडवा. आणि सोडणं-धरणं जितक्या वेळा होईल, तितका पुढचा झटका मोठा येऊ शकतो.

टेम्पोवाला पाचव्या दिवशी सलग झोपला. दुपारी उठून पाणी मागितलं, पायाकडे बघितलं आणि बायकोला म्हणाला, "गाडी कुठं लावलीय?"