विरोधाची पूर्ण नोंद

गावापुढे पाण्याचा ताळेबंद मांडणे हा माझ्या कामाचा भाग आहे. पाऊस किती पडला, त्यातला किती जमिनीत मुरला, किती वाहून गेला आणि पिकांना, जनावरांना व माणसांना मिळून किती पाणी लागणार, हा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायचा आणि त्यावर गावाने निर्णय करायचा, अशी रीत केंद्र सरकारच्या अटल भूजल योजनेने घालून दिली. एक हेक्टरवर पडलेला 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, इतके ते गणित सोपे असते. कठीण प्रसंग येतो तो तूट निघाल्यावर. आमच्याकडे काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि भेगांत. तो साठा थोडा असल्यामुळे एकाच्या बोअरने दुसऱ्याची विहीर आटते आणि आकड्यांची चर्चा बघता बघता भाऊबंदकीवर जाते.

सोलापूर जिल्ह्यातील एका गावात 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी असाच तुटीचा ताळेबंद वाचला. पाटाने पाणी दिल्यास एक एकर उसाला वर्षभरात सुमारे 80 लाख लिटर पाणी लागते, हे सांगताच मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. ठराव दोन भागांत होता: शेतीसाठी नवे बोअर घ्यायचे नाही आणि येत्या हंगामात उसाची नवी लागण करायची नाही. तो महिला सभेतून आला होता आणि बचत गटाच्या अध्यक्ष असलेल्या तरुण ताई तो मांडायला उभ्या राहिल्या. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेण्यास 1993 च्या कायद्यापासूनच मनाई असताना गावाची विहीर मार्चमध्ये तळ का गाठते, असे त्यांनी विचारले, तोच कोणीतरी ओरडले, "ऊस बंद करून खायचं काय? बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं!"

त्याला गप्प केले ते गावातल्या सर्वांत मोठ्या ऊसबागायतदारांनी. ते सत्तरीचे गृहस्थ, सारे गाव त्यांना अण्णा म्हणते, ठरावाचे सर्वांत कडवे विरोधक होते. "तिचं बोलणं पुरं होऊ दे," ते म्हणाले. "मला उत्तर द्यायचंय. अर्धं ऐकून काय उत्तर देऊ?"

ताईंचे पुरते ऐकून घेतल्यावर अण्णांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. ताळेबंदातला पाऊस महसूल मंडळाच्या केंद्रावरचा आहे, तो पाऊस आमच्या माळावर पडलाच असे कशावरून, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. अवर्षणग्रस्त भागात एका शिवारात धो धो पाऊस होतो आणि शेजारचे शिवार कोरडे राहते. शाळेच्या आवारात बसवलेल्या पर्जन्यमापकाची नोंदवही त्यांनी मागवली, चष्मा लावून पानावर बोट ठेवत महिन्यांच्या बेरजा स्वतः वाचल्या आणि क्षणभर थांबून सांगितले, "ह्यात तर मंडळापेक्षा कमी पाऊस दिसतोय. म्हणजे तूट तुम्ही म्हणता त्याहून जास्त."

कोणीतरी हसले. सभा फिसकटायला तेवढे पुरेसे होते, कारण भर सभेत ज्याला हसले जाते तो माणूस पुन्हा कधी खरा आकडा मोठ्याने वाचत नाही. ताई तत्काळ म्हणाल्या, "हसू नका. अण्णांनी वही मागितली म्हणून गावाला खरं कळलं."

अण्णांचे मत मात्र बदलले नाही. बोअरबंदीला त्यांनी हात वर केला. लागणबंदीला विरोध कायम ठेवला. ठिबकसाठी काढलेले कर्ज उसाच्या बिलातूनच फिटायचे आहे, कारखान्याकडे नोंद झाली आहे आणि ज्वारीला तसा हमखास गिऱ्हाईक नाही, ही त्यांची कारणे होती. ती खोटी नव्हती. पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या आम्हा लोकांना कर्जाचा हिशेब पुष्कळदा ऐकूनच घ्यायचा नसतो, आणि मग शेतकऱ्याला आडमुठा ठरवणे सोयीचे होते.

दुसरा भाग बहुमताने मंजूर झाला. ग्रामसेवकांनी इतिवृत्तात "काही ग्रामस्थांनी विरोध केला" एवढेच लिहिले, तेव्हा आक्षेप घेतला तो ताईंनी. ज्यांचा ठराव जिंकला होता त्यांनीच अण्णांची तिन्ही कारणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत असा आग्रह धरला, आणि ग्रामसेवकांनी वाचून दाखवताना कर्जाचे वाक्य निसटल्याचे दिसताच तेही भरायला लावले. मेंढा लेखा या गडचिरोलीतील गावात सर्वसहमती होईपर्यंत निर्णय थांबवतात. गटातटांच्या गावांत तेवढा धीर क्वचितच असतो. पण हरलेल्या बाजूचे म्हणणे पूर्ण लिहून ठेवणे कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे, आणि मला ते मतदानाइतकेच महत्त्वाचे वाटते.

अण्णांनी नोंद पुन्हा वाचून खाली सही केली. मग त्यांनी माझ्याकडे दोन मागण्या केल्या: ज्वारीच्या खरेदीचा प्रश्न तालुक्याच्या बैठकीत मांडावा, आणि गावाच्या निरीक्षण विहिरींच्या यादीत त्यांची विहीर घ्यावी. ती यादीत आली. तिची पातळी आता बचत गटातील महिला मोजतात आणि वहीतल्या प्रत्येक आकड्यासमोर अण्णांची सही असते.