हाताने चालणारं गठ्ठा-दाबयंत्र: टॉगल बसला, गठ्ठे निघू लागले

मंडळी, यंत्र आता दाबतंय. मागच्या नोंदीच्या वेळी सांगाडा उभा होता आणि पेटी बाजूला सुटी पडली होती. या वेळी टॉगलच्या (गुडघ्यासारख्या वाकून सरळ होणाऱ्या जोडीच्या) भुजा, माल दाबणारा दाबपाट आणि दबलेला माल धरून ठेवणारे खटके बसले. सुक्या गवताचे गठ्ठे निघाले आणि सरकी काढलेल्या रुईची एक लहानशी गासडीही बांधून झाली. या यंत्रात जोर निर्माण करणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, हे माझं मत या टप्प्यावर पक्कं झालंय. खरं काम जोर काढून घेतल्यावर सुरू होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मापं सांगतो. पेटी उभी, आतून ३० × ३० सेंमी, उंची ९० सेंमी. भिंती १८ मिमी प्लायवूडच्या, पुढची आणि मागची भिंत बिजागरीवर उघडणारी. दाबपाट वरून खाली येतो. वर-खाली चॅनेलच्या (पन्हळीसारख्या लोखंडी पट्टीच्या) आडव्या तुळया, त्यांना जोडणारे १६ मिमीचे चार गज, दोन्ही टोकांना आटे पाडून नट. दाबताना तुळया एकमेकींपासून दूर जायला बघतात आणि तो सगळा ताण गजांवर येतो. पेटीचं काम फक्त माल चारी बाजूंनी आवळून धरायचं. अकराशे किलोचा जोर आला तरी एका गजाच्या वाट्याला पावणेतीनशेच येतात. या जाडीच्या गजाला ते काहीच नाही. तुळई वाकण्याची काळजी जास्त करावी लागते, म्हणून चॅनेल जोडीने, पाठीला पाठ लावून घेतलेत.

पेटीचं मात्र वेगळं. गवत असो की रुई, वरून दाबलं की ते बाजूलाही ढकलतं. नुसत्या प्लायवूडच्या भिंती पहिल्याच दाबात मध्यभागी ४ मिमी फुगल्या. आता बाहेरून अँगलचे तीन पट्टे वेढलेत. सगळ्यात खालचा आणि मधला पट्टा जवळजवळ आहेत, कारण शेवटचा, सगळ्यात कडक दाब त्याच उंचीवर येतो. दाराच्या कड्याही त्याच पट्ट्यांवर घेतल्या.

टॉगल

दोन सारख्या भुजा, प्रत्येकी ४० सेंमी. वरची भुजा वरच्या तुळईला पिनने अडकवलेली, खालची दाबदांड्याला (दाबपाट खाली ढकलणाऱ्या उभ्या दांड्याला), आणि मधल्या गुडघ्याला हातदांडा बाजूने ढकलतो. भुजा सरळ रेषेत येत जातात तसा जोर वाढत जातो. हिशेब असा: गुडघ्यावरचा जोर भागिले, भुजेने उभ्या रेषेशी केलेल्या कोनाच्या टॅनची दुप्पट. माझ्या हातदांड्याचं प्रमाण एकास आठ आहे, म्हणजे हाताने २५ किलो लावले की गुडघ्यावर २००. मग घर्षण सोडून दाबपाटावर ३० अंशाला सुमारे १७३ किलो, २० अंशाला २७४, १० अंशाला ५६७ आणि ५ अंशाला ११४३.

आकडे बघून कोणीही खूश होईल. पण त्याच भुजांची चाल मोजा. ३० अंशापासून पूर्ण सरळ होईपर्यंत दाबपाट १०.७ सेंमी उतरतो, २० अंशापासून ४.८, १० अंशापासून फक्त १.२ आणि ५ अंशापासून ३ मिमी. म्हणजे ज्या हजार किलोंच्या गोष्टी आपण सांगतो, ते शेवटच्या काही मिलिमीटरांत मिळतात. मालाला मात्र पेटीच्या तोंडापासून ६० सेंमी खाली जायचंय.

तरीही मी टॉगलच निवडला. स्क्रूचं दाबयंत्र पहिल्या सेंमीपासून शेवटच्या सेंमीपर्यंत एकाच प्रमाणात जोर देतं. त्यामुळे सुरुवातीला, जिथे माल लोण्यासारखा दबतो, तिथेही तेवढेच फेरे मारत बसावे लागतात. पूर्वी कापसाची प्रचंड लाकडी स्क्रूची दाबयंत्रं असत. त्यांना लांबलचक आडवे दांडे लावून जनावरांकडून फिरवून घेत, आणि त्या फेऱ्या बघितल्या तर कारण लगेच कळतं. तंतुमय मालाचा स्वभाव असा की घनता वाढते तसा लागणारा दाब सरळ रेषेत न वाढता झपाट्याने चढतो. टॉगलचा जोरही शेवटी झपाट्याने चढतो. दोघांचे चढ जुळतात. प्रश्न फक्त चालीचा उरतो.

तो सोडवायला दाबदांड्याला दर ५ सेंमीवर भोकं पाडली आहेत. पहिली भर पायाने तुडवून घ्यायची. (मोठ्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यातही, पेटी भरताना आधी एक हलका दाबपाट माल खाली खचवत राहतो, मुख्य दाब नंतर.) मग टॉगलने एक घास दाबायचा, पिन काढून भुजा परत वाकवायच्या, दांडा वरच्या भोकात पकडायचा, पुढचा घास. अडचण एकच: पिन काढली की दबलेला माल दाबपाटाला वर ढकलतो आणि कमावलेलं निम्मं जातं. त्यासाठी भिंतींत खटके. स्प्रिंगने आत डोकावणारी पोलादी जीभ, वरची बाजू उतरती, खालची सपाट. पाट खाली जाताना तिला बाजूला सारतो, पाट गेला की जीभ बाहेर येऊन मालावर बसते. समोरासमोर दोन जोड्या पुरल्या. जिभा फाईलने गुळगुळीत करा, नाहीतर रुईचे तंतू अडकून प्रत्येक वेळी केसाळ होतात.

आणखी एक गोष्ट चित्रात दिसत नाही. गुडघ्याला बाजूने ढकललं की त्यातला निम्मा जोर खालच्या पिनवाटे दाबदांड्यालाही आडवा बसतो. २०० किलो ढकलले तर १०० किलो आडवे. दांड्याला नुसतं भोकातून सोडलं तर तो तिरका होऊन रुतणारच. मी दोन बुश (दांडा ज्यातून सरकतो त्या नळ्या) घेतले, एकमेकांपासून २० सेंमी अंतरावर, ग्रीस भरून. बुश जितके लांब-लांब, तितका दांडा मोकळा.

भुजा कधीही पूर्ण सरळ होऊ देऊ नका. सरळ रेषेच्या पलीकडे गेल्या की टॉगल कुलूप लागल्यासारखा बसतो, आणि तो सोडवताना हातदांडा झपकन मागे येतो. मी ३ अंश आधीच थांबणारा लोखंडी ठोकळा वेल्ड केलाय.

आकडे

हातदांड्याच्या टोकाला लटकता काटा अडकवून जोर मोजला, दाबपाटाच्या उंचीवरून घनता काढली. ४ किलो सुकं गवत: तुडवून भरल्यावर उंची ९० सेंमी, म्हणजे घनमीटरला सुमारे ४९ किलो. ४५ सेंमीवर ९९ किलो. इथपर्यंत एका हाताने, गप्पा मारत. ३० सेंमीवर १४८ किलो, आणि तिथे काट्यावर २२ किलो, भुजा साधारण ६ अंशावर. कागदावर दाबपाटाला ८३७ येतात. बुश आणि पिनांचं घर्षण वजा करून मी सातशे धरतो. ३० × ३० च्या पाटावर तो चौरस सेंमीला पाऊण किलोच्या आसपास दाब झाला.

ट्रॅक्टरमागच्या लहान चौकोनी गठ्ठ्यांची घनता याच पट्ट्यात असते, त्यामुळे मी समाधानी आहे. पण गठ्ठा कापून बघितला तेव्हा वरचे थर घट्ट आणि तळाचे सैल दिसले. भिंतींचं घर्षण वरचा दाब खात खात जातं, तळाला पोचतो तो उरलेला. आतून पत्र्याचं अस्तर आणि त्यावर मेणाचा हात दिल्यावर फरक बराच कमी झाला. शिवाय भरताना सगळं एकदम न कोंबता थराथराने तुडवायचं.

गंमत म्हणजे आडव्या, सतत चालणाऱ्या यंत्रांत हेच घर्षण मुख्य गडी असतं. १८७०च्या दशकात अमेरिकेत पी. के. डेड्रिक यांनी सतत चालणारं गवताचं दाबयंत्र पुढे आणलं. त्या घराण्याच्या यंत्रांत पेटीला तळ नसतोच. प्लंजर (मागे-पुढे सरकणारा दट्ट्या) मागे-पुढे होत गवताचे थर एका लांब बोगद्यात ढकलत राहतो, पुढचा गठ्ठा बोगद्याच्या भिंतींना घासून अडतो, आणि त्याच्या अडण्यावर मागचा दाबला जातो. आजच्या यंत्रांत बोगद्याच्या टोकाच्या पट्ट्या स्प्रिंग-स्क्रूने आवळून घनता ठरवतात. म्हणजे गठ्ठा किती कडक हवा हे ठरतं ते वाट किती अरुंद केली त्यावर. त्यात प्लंजरच्या कडेला सुरी आणि पेटीच्या तोंडाला दुसरी सुरी असते. प्रत्येक फटक्याला थर कापला जातो, म्हणून असे गठ्ठे उघडले की वड्या सुट्या होतात. माझ्या उभ्या पेटीत ते होत नाही, गठ्ठा विस्कटूनच सोडावा लागतो.

सोडल्यावर

आता मुख्य दुखणं. ३० सेंमीवर दाबून लगेच सोडलेला गठ्ठा दोऱ्या तंग होईपर्यंत फुगला आणि ३६ सेंमीवर थांबला. घनता १४८ वरून १२३. तोच माल ३० सेंमीवर दाबून तसाच दहा मिनिटं ठेवला, मग बांधला, तर ३३ वर थांबला: १३५. दाबाखाली राहिलेल्या तंतूंची उसळी हळूहळू मरते. हातदांड्यावर आणखी पाच किलो घालण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त देतात.

दुसरा उपाय दोरीच्या लांबीत आहे. गठ्ठा ३३ सेंमीचा हवा असेल तर ३० वर दाबायचा आणि दोरी ३३ च्या हिशेबाने आधीच मोजून घ्यायची. कापसाच्या मोठ्या दाबयंत्रांतही हीच रीत: गासडी हव्या त्या मापापेक्षा जास्त दाबतात, तारा किंवा पट्ट्या अडकवतात आणि मग तिला फुगून त्यांच्यावर टेकू देतात. बांधण्यासाठी दाबपाटाला आणि तळाच्या फळीला खाचा लागतात, नाहीतर दाब असताना दोरी घालणार कुठून? मी तीन खाचा काढल्यात, ८ मिमी रुंद, कडा गोल.

सुतळी आणि घायपाताची दोरी दोन्ही चालतात. प्लॅस्टिकची दोरी मजबूत, पण साधी गाठ घसरते. तिला दुहेरी फेरा द्या. आपोआप गाठ मारणारी यंत्रणा बसवणार का, असं विचारलंत. नाही. जॉन अ‍ॅपलबी यांची १८७०च्या दशकातली ती चोच, दोरी गुंडाळून टोक ओढून घेणारी, बघत बसावी अशी चीज आहे. पण ती धान्याची पेंढी बांधण्यासाठी जन्मली आणि तिला सततची चाल लागते. हाताने थांबत-थांबत चालणाऱ्या यंत्रावर ती नुसती शोभेची होईल.

रुईची गासडी

५ किलो रुई, ३० सेंमीवर, म्हणजे घनमीटरला १८५ किलो. निर्यातीच्या मानाची कडक गासडी ४४८ किलोच्या घरात असते, तिच्या निम्म्यालाही मी पोचलो नाही. तिथे हायड्रॉलिकच, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारं यंत्रच हवं, जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये पेटंट घेतलेल्या तत्त्वावरचं. हातदांड्याने ते होणे नाही, आणि ओढूनताणून करूही नये. एवढं दाबण्यामागे कारण वाहतूक आहे: जहाजात जागा आकारमानाने भरते, म्हणून पूर्वी बंदरांवर सैल गासड्या पुन्हा दाबण्याची वेगळी यंत्रं असत.

रुईची उसळी गवतापेक्षा दांडगी. दोरी कापतच गेली, म्हणून तार वापरली, दोन्ही टोकांना कड्या वळवून एकमेकींत अडकवलेली. अशी तार तोडताना गासडीच्या समोर उभं राहू नका, बाजूने तोडा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घाला. तुटलेलं टोक चाबकासारखं येतं.

ओलाव्याचं दोन्ही मालांत सारखंच कोडं आहे: थोडा ओलावा असला तर माल कमी जोरात दबतो, उसळीही कमी. म्हणून मोह होतो. पण २० टक्क्यांच्या वर ओलावा असलेलं गवत गठ्ठ्यात आतून तापतं, बुरशी धरतं, आणि मोठ्या रचलेल्या ढिगाला आपोआप आग लागू शकते. रुई तर साडेसात टक्क्यांच्या वर ठेवली की साठवणीत रंग उतरतो. मी गवताचा ओलावा मीटरने बघूनच भरतो, पंधराच्या खाली असेल तरच.

पुढचं काम: दुसरी पेटी, आणि दोन्ही पेट्या एका मधल्या खांबाभोवती फिरणाऱ्या. एकीत भरणं, दुसरीत दाबणं, मग अर्धा फेरा. जिनिंगमध्ये हे फार जुनं आहे. त्या दहा मिनिटांच्या थांबण्याचा वेळही त्यातच खपेल. खांबाच्या तळाशी थ्रस्ट बेअरिंग (उभा भार पेलत फिरणारं बेअरिंग) घ्यावं की नुसत्या पितळी चकत्यांवर भागवावं, यावर कोणी काम केलं असेल तर लिहा. दाबाचा भार तिथे येणार नाही, फक्त पेट्यांचं आणि मालाचं वजन, त्यामुळे माझा कल चकत्यांकडे आहे.